मुकादम गेला सासरवाडीला

लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानाच्या ऐन दारात एक म्हातारा उभा आहे. आत जात नाही, बाहेर येत नाही, आणि मागं मुंबईच्या पाहुण्यांची ही रांग. असं काही तुम्ही पाहिलं असेल, तर तो म्हातारा म्हणजे कुसगावचा अंबाजी. कुणी कुरकुरलंच तर मागं न बघता "थांबा वाईच, सिग्नल न्हाई मिळाला," म्हणणारा इसम आख्ख्या मावळात दुसरा नाही. कुणाला वाटायचं, प्यायलाय. कुणाला वाटायचं, मुद्दाम करतोय. अंबाजीला मात्र वाटायचं, आपले दोन्ही तळवे कुणीतरी डांबर फासून जमिनीला चिकटवलेत. डोकं म्हणतंय 'चल', आणि पाय ढिम्म! गडी जन्मात कुणाच्या बापाचं ऐकून घेणारा नव्हता, आणि आता स्वतःचेच पाय त्याचं ऐकेनात, याचा त्याला भयंकर संताप यायचा.

आणि पाय तरी कुणाचे! अंबाजी रेल्वेत गँगमन होता, तोही घाटात. भर पावसात, खाली दरी आणि वर कडा, अशा ठिकाणी रूळ सरळ करायचं काम. आता मशिनी आल्या, पण त्या काळी रूळ हलवायचा तो माणसांनी. सगळे गडी ओळीनं रुळाखाली पहारी घालून उभे राहायचे, मुकादम एक ओळ सोडायचा, आणि सगळे एका दमात "हैशा!" करून रेटा द्यायचे. ओळीचा ताल चुकला की रेटा फुकट, आणि रेटा फुकट गेला की मुकादमाच्या शिव्या. त्या ओळी काय असायच्या म्हणाल, तर बायामाणसांत म्हणण्यासारख्या नसायच्या, एवढं सध्या पुरे. देवाच्या नावानं रूळ हलत नसतो, असं मुकादमाचं ठाम मत होतं.

रिटायर झाल्यावर अंबाजीचा उजवा अंगठा हलायला लागला. तंबाखू मळावी तसा, बोटावर फिरत राहायचा. बायकोनं, धोंडाबाईनं, त्याला बरोबर पकडलं. "सोडली म्हनला होता न्हवं? दावा हात!" तिनं मूठ उघडून बघितली तर आत काही नाही. रिकामी मूठ आणि अंगठा आपला मळतोयच. तशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, मेंदूचा आजार. गोळ्यांनी हात बराचसा शांत झाला, पण पायांनी नवीनच खोड काढली. मोकळ्या रस्त्यावर माणूस बरा चालायचा. दार आलं, वळण आलं, चार माणसं दाटीत उभी दिसली, की जागच्या जागी खिळायचा.

हेही त्यानं रेटून नेलं असतं. पण उर्स्याला दिलेल्या बहिणीनं, रतनबाईनं, लेकीचं लग्न काढलं. सारिका ही अंबाजीची एकुलती एक भाची, आणि नुसती भाची नव्हे. शाळेच्या वयात ती मामाकडंच होती, कुसगावला. मामाच्या खांद्यावर बसून तिनं घाटातले बोगदे बघितले होते. आणि मांडवात नवरीला घेऊन कोण येतं? मामा येतो. गुरुजी माईकवरून पुकारतात, मामा नवरीला घेऊन निघतो, अंतरपाटापाशी आणून उभी करतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी राहतो. हा मान पैशानं मिळत नाही, आणि मागूनही मिळत नाही.

रतनबाई पत्रिका द्यायला आली ती मनात गाठ बांधूनच. चहा झाल्यावर हळूच म्हणाली, "दादा, तू आपला पुढच्या खुर्चीवर बस. सारिकाला निवृत्ती आनंल." निवृत्ती म्हणजे दोघांचा धाकटा भाऊ.

"का? मी मेलो का?"

"तसं न्हवं रं. नवऱ्याकडची, सोमाटन्याची पावनी मंडळी लय येनार. मधीच अडकलास तर लोक हसत्याल तुला. मला बघवायचं न्हाई."

अंबाजीचं तोंड लाल झालं. "रतने, नेईन तर माझ्या दोन पायांनी नेईन. न्हाईतर लग्नालाच येत न्हाई. लाव निवृत्तीलाच फेटा!"

बहीण डोळे पुसत गेली. अंबाजी दारापर्यंत तिला सोडायला उठला आणि उंबऱ्याशी खिळला. तिथूनच त्यानं बहिणीला जाताना पाहिलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

धोंडाबाईनं मात्र हातपाय गाळले नाहीत. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं लोणावळ्यात केंद्र काढलं होतं. कंपवाताची माणसं कशी चालतात, कुठं अडकतात आणि का अडकतात, याचा अभ्यास तिथं चालायचा. धोंडाबाई नवऱ्याला घेऊन थेट तिथं धडकली. तिथली मुख्य डॉक्टर निघाली शहिस्ता, कामशेतच्या सायकलवाल्या राजमहंमदभाईंची मुलगी. मग काय, ओळख निघाली. राजमहंमदभाईंनी अंबाजीच्या सायकलची किती पंक्चर काढली होती त्याला गणती नव्हती.

शहिस्तानं अंबाजीच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढून वायरींची टोपी घातली, घोट्यांना छोट्या डब्या बांधल्या आणि समोरच्या संगणकावर वेड्यावाकड्या रेघा पळायला लागल्या.

"हे माझं डोस्कं?" अंबाजीनं विचारलं.

"हो आबा. तुमचंच."

"लय हलतंय की. मला वाटलं व्हतं बंद पडलंय."

ती हसली आणि मग नीट समजावून सांगू लागली. "आबा, चालताना आपण प्रत्येक पाऊल ठरवून टाकत नाही. मेंदूच्या खोल भागात एक यंत्रणा आहे, तिच्यामुळे पावलं आपोआप पडतात. तिला लागणारं एक रसायन तुमच्या मेंदूत कमी तयार होतंय. पण काही माणसांना बाहेरून ताल ऐकू आला किंवा जमिनीवर रेघा दिसल्या, की मेंदू वेगळ्या वाटेनं पाय उचलतो. ती वाट नेमकी कशी आहे, कुणाला कशानं उघडते, हे अजून पुरतं कळलेलं नाही. आम्ही तेच शोधतोय."

"म्हंजी मेन लाईन बंद, लूप लाईन चालू."

"अगदी तसंच नाही," शहिस्ता म्हणाली, आणि जरा विचार करून, "पण आज तसंच धरून चालू."

यंत्रातून टिक-टिक आवाज सुरू झाला. त्या टिकटिकीवर इतर पेशंट बरे चालायचे. अंबाजीला त्या आवाजाचा नुसता वैताग आला. पट्ट्यापट्ट्यांच्या चटईवरून थोडा गेला, पण दाराशी येताच ठप्प. मागं धोंडाबाई, पुढं शहिस्ता, कपाळाला वायरी, आणि पाय डांबरात. अंबाजीला अपमानानं रडू यायचं बाकी राहिलं. आणि त्या रागातच, ओठांतल्या ओठांत, त्याच्या तोंडून घाटातली जुनी ओळ निघाली. 'हैशा' म्हणताच उजवा पाय सुटला, पाठोपाठ डावा, आणि गडी दाराच्या पार पलीकडं!

"आबा!" शहिस्ता खुर्चीतून उठलीच. "आत्ता काय म्हणालात तुम्ही?"

अंबाजीनं तिच्याकडं पाहिलं. ओढणी नीट घेतलेली, लेकीच्या वयाची पोर. त्यात राजमहंमदभाईंची. तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

"काय न्हाई," तो म्हणाला. "देवाचं नाव घेतलं. भैरवनाथाच्या नावानं चांगभलं."

झालं. एवढ्याशा खोट्यानं पुढचा सगळा घोळ झाला. शहिस्तानं दर खेपेला त्याला तेच म्हणायला लावलं. मोठ्यानं म्हणा, मनात म्हणा, सावकाश म्हणा. अंबाजी दाराशी उभा राहून "चांगभलं, चांगभलं" करायचा आणि पाय जागचा हलेल तर शपथ. उलट खोटं बोलल्याची बोच अशी की पाय आणखीच जड. शहिस्ता पुन्हा पुन्हा रेघा तपासायची. पहिल्या दिवशी जे घडलं ते पुन्हा का घडत नाही, हे तिला उमगेना. आणि तिची दुसरीच पंचाईत झाली होती. गावच्या देवाच्या नावाचा उपयोग होत नाही, हे या म्हाताऱ्याला सांगायचं कसं, आणि ते सांगायचं कुणी, तर तिनं!

शेवटी एकदा ती फार जपून म्हणाली, "आबा, देवाच्या नावात काहीच कमी नाही हं. माझ्याच मोजण्यात काहीतरी चुकत असेल."

हे ऐकलं आणि कोपऱ्यात बसलेल्या धोंडाबाईचा बांध फुटला.

"काय चुकलं न्हाई तुझं, पोरी! चुकलाय ह्यो बाबा! अवो, लाज वाटती का? गावच्या देवाला नापास करायला निघाला व्हय? जत्रंला देवळात जायचं सोडून तमाशाच्या तंबूत बसनारा मानूस, त्याला पाय अडकल्यावर भैरवनाथ कुटनं आठवंल?"

"धोंडे, गप बस," अंबाजी म्हणाला.

"आता न्हाई बसत." तिनं उठून दार लावलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घसा साफ केला आणि बघता बघता मुकादम होऊन खणखणीत आवाजात ओळ सोडली:

"मुकादम गेला सासरवाडीला!"

अंबाजीच्या तोंडून, त्याच्या इच्छेविरुद्ध, "हैशा!" निघालं आणि पाऊल पडलं.

"गाठ बसली त्याच्या नाडीला!"

"हैशा!"

"गाठ सुटंना!"

"हैशा!"

"सासू हटंना!"

"हैशा!"

म्हातारा खोलीच्या टोकाला गेला, वळला, ज्या वळणावर तो कायम अडकायचा तिथं अडकला नाही, आणि परत आला. शहिस्तानं तोंडावर ओढणी दाबली होती. तिचे खांदे हलत होते. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, ते पुसत ती एवढंच म्हणू शकली, "मावशी, पुन्हा. प्लीज, पुन्हा."

अंबाजीचं लक्ष मात्र भलतीकडंच. तो बायकोकडं डोळे विस्फारून बघत होता. "तुला हे आलं कुटनं?"

"आमच्या रेल्वेच्या चाळीतल्या समद्या बायकांना येतंया. तुमी वर घाटात वरडायचा, खाली आमी नळावर पानी भरायचो. तुमाला काय वाटलं, डोंगर तुमच्यासाठी कान झाकून घेतो? पुढची कडवीबी येत्यात. म्हनू?"

"नगं नगं!" अंबाजी घाईघाईनं म्हणाला. इतक्या वर्षांचं गँगचं गुपित असं नळावर फुटलेलं ऐकून त्याला हसावं का रडावं कळेना. शेवटी तो हसला, आणि कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला.

शहिस्तानं पुढं पुष्कळ तपासलं. ताल तोच ठेवून शब्द बदलले, शब्द तेच ठेवून आवाज बदलला. टिकटिकीनं जे होत नव्हतं ते या ओळीनं होत होतं, हे खरं. पण का? सवयीमुळं? हसू येतं म्हणून? की 'हैशा'ला रेटा द्यायचा हे अंगात इतकं मुरलंय म्हणून? "एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही आबा," ती म्हणाली. "मला अजून पुष्कळ माणसं तपासावी लागतील. पण तुम्ही मला चांगला प्रश्न दिलात." आणि तिनं एक ताकीद दिली. गर्दी, घाई आणि भीती, या तिन्हींनी पाय जास्त अडकतात. लग्नात ही तिन्ही असणार.

घरी सराव सुरू झाला. आधी धोंडाबाई ओळ सोडायची. मग अंबाजी स्वतःच पुटपुटत घरातल्या घरात फिरायला लागला. शेजारीपाजारी म्हणायचे, म्हातारा जपाला लागला वाटतं. ही बातमी उर्स्याला गेली आणि रतनबाई धापा टाकत आली. भाऊ चालतोय हे बघून तिला भरून आलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. पण ओळ ऐकून तिनं कपाळालाच हात लावला.

"दादा, तुझ्या पाया पडते. पावन्यांत हे मोठ्यानं म्हनू नगंस. सारिकाच्या सासूम्होरं? माझं नाक कापशील!"

"न्हाई म्हनत मोठ्यानं. शब्द दिला."

मग सारिकानं तोड काढली. मामीच्या आवाजात ओळी मोबाइलवर भरून घेतल्या. लग्नात मामाच्या कानात छोटं यंत्र बसवायचं, वरून फेटा. कुणाला कळणारही नाही. सगळे निर्धास्त झाले.

लग्नाच्या दिवशी सोमाटण्याच्या कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. अंबाजीला फेटा असा शोभला की निवृत्तीनंही कबूल केलं. गुरुजींनी माईकवरून पुकारा केला, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." सारिकानं मामाचा हात धरला. कानात धोंडाबाई बोलू लागली आणि मामा निघाला. काय निघाला! छाती पुढं, मान ताठ, पाऊल मोजून.

व्यासपीठाच्या अलीकडं फुलांची कमान होती. अरुंद, हौसेनं सजवलेली. दोघं तिथं पोचायला आणि बँडवाल्यांनी ताशाचा कडकडाट करायला एकच गाठ पडली. कानातली धोंडाबाई त्या गदारोळात बुडाली. अंबाजीनं मनात ओळ धरायचा प्रयत्न केला, तर ताशाच्या तालात ती हातून निसटली. समोर कमान, दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांचे मोबाइल त्याच्यावर रोखलेले. आणि पाय गेले.

"मामा... मुहूर्त जवळ आला," गुरुजी माईकवर म्हणाले. कुजबूज सुरू झाली. कुणीतरी फिस्सकन हसलं. सारिकानं मामाचा हात घट्ट दाबला आणि कानाशी म्हणाली, "मामा, मला घाई न्हाई. तुमी सावकाश या." हे ऐकून त्याला जास्तच गलबलून आलं. निवृत्ती मदतीला पुढं झाला, भावाच्या दंडाला धरायला. "हात लावू नगंस," अंबाजी दात आवळून म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता. आपण हरलो, हे त्याला कळलं होतं.

बायकांच्या घोळक्यात धोंडाबाई मुठीत अक्षता घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. एकदा नणंदेकडं पाहिलं. रतनबाईनं मान हलवली, नको नको अशी. धोंडाबाईनं सगळ्या अक्षता शेजारणीच्या हातात कोंबल्या आणि ती बँडवाल्यांवर अशी ओरडली की ताशाची टिपरी हवेतच राहिली.

"ए! बंद कर ते!"

सगळं कार्यालय चिडीचूप. आणि त्या शांततेत, नऊवारी नेसलेली, नाकात नथ घातलेली, नवऱ्याचं नावसुद्धा कधी न घेतलेली ती बाई पदर खोचून गरजली:

"मुकादम गेला सासरवाडीला!"

नवऱ्या मुलाच्या आईनं तोंडावर हात ठेवला. कुणाला काही कळेना. एक क्षण असा गेला की रतनबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आणि मग मागच्या खुर्च्यांवरून, जिथं अंबाजीचे गँगमधले जुने सोबती बसले होते, तिथून एक घोगरा गजर उठला:

"हैशा!"

अंबाजीचा उजवा पाय उचलला.

"गाठ बसली त्याच्या नाडीला!"

"हैशा!" या खेपेला नुसते म्हातारे नव्हते. तरुण पोरं ओरडली, बँडवाले ओरडले. गुरुजींनी माईक झाकायचा सोडून स्वतःच हसायला सुरुवात केली. फुलांची कमान मागं पडली.

"गाठ सुटंना!"

"हैशा!" हा आवाज अंबाजीनं ओळखला. सगळ्यांत वरचा, चिरका, रडता-हसता. रतनबाई! दोन्ही हात वर करून, फेटेवाल्या व्याह्यांच्या मधोमध उभी राहून, त्याची बहीण गँगमनसारखी ओरडत होती. अंबाजी पायऱ्या चढला, भाचीला अंतरपाटापाशी उभं केलं आणि तिच्या पाठीशी ताठ उभा राहिला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. तो शेवटपर्यंत हलला नाही, पण ते मुद्दाम.

पंगती उठल्यावर सोमाटण्याचे व्याही गंभीर चेहऱ्यानं धोंडाबाईसमोर येऊन उभे राहिले. ती बिचारी पदरात तोंड लपवू लागली. "मामी," ते हात जोडून म्हणाले, "आमच्या मंडळींना पुढचं कडवं ऐकायचंय." रतनबाईनं वहिनीला मिठीच मारली.

निघायची वेळ झाली. सारिका मामाच्या पाया पडली आणि त्याच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून हक्कानं म्हणाली, "मला पहिल्यांदा माहेरी न्यायला मुराळी कोन येनार? निवृत्तीमामा नको. तुमीच पायजे."

"येतो की," अंबाजी म्हणाला. मग त्यानं बाजूला उभ्या असलेल्या बायकोकडं पाहिलं. उभ्या जन्मात त्यानं तिला कधी चारचौघांत एक चांगला शब्द दिला नव्हता. त्याचा आवाज कापला, आणि तो कंपवात नव्हता. "पर पोरी, तुझ्या मामीला संगट आनावं लागंल. तिच्याबिगर माझं पाऊल उचलत न्हाई."

धोंडाबाई "इश्श, काय बाई बोलनं ह्ये," म्हणाली, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.